सातवा आठवडा, कोरड्या आणि घरभरच्या सूचना: पहिल्या तीन महिन्यांत नेमके काय खावे?

पारिजातक_वडगाव | १८ जून, रात्री १०:१२

नमस्कार. मला सातवा आठवडा चालू आहे आणि हे पहिलेच बाळंतपण असेल. आम्ही वडगाव बुद्रुकला राहतो, घर पूर्ण शाकाहारी आहे, आणि सासूबाई मुद्दाम माझ्यासाठी साताऱ्याहून आल्या आहेत. त्या मनापासून करतात, त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ती तक्रार समजू नये.

गेल्या दहा दिवसांपासून सकाळी डोळे उघडले की कोरड्या सुरू होतात. कुकरमध्ये भात शिजतानाची वाफ आणि हिंगाची फोडणी हे दोन वास तर अजिबात सहन होत नाहीत. पाळी चुकण्यापूर्वी माझे वजन ५२ किलो होते, ते आता ५१ झाले आहे. दुसरीकडे ताटात मात्र दोन जिवांचे वाढले जाते आहे. सकाळी केशर घातलेले दूध, दुपारी तूप-पोळी, संध्याकाळी लाडू, आणि यातले काही परत गेले की घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. पपई, तीळ, अननस आणि वांगे घरात आणणेच बंद झाले आहे. डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली आहे, पण बाहेर इतकी गर्दी होती की पाचेक मिनिटांतच मी उठले आणि खाण्याविषयी विचारायचे राहूनच गेले.

पोटात काही टिकतच नाही, याचा बाळावर परिणाम होईल का? या दिवसांत खरोखर किती खायला हवे? आणि टाळायच्या गोष्टींपैकी शास्त्राला धरून कोणत्या आहेत आणि केवळ सांगोवांगी कोणत्या, हे कोणी समजावून सांगेल का?

पिठलं_भाकरी | १८ जून, रात्री ११:०५

सर्वप्रथम अभिनंदन. दोन्ही वेळा मी यातून गेले आहे, म्हणून उपयोगी पडले तेवढेच लिहिते.

पोट पूर्ण रिकामे झाले की मळमळ वाढते, हे मला फार उशिरा कळले. उशाशी एका डब्यात ज्वारीच्या लाह्या किंवा साधा खाकरा ठेवावा, जाग आल्यावर पडल्या पडल्या दोन-चार घास चावून खावेत आणि पंधरा-वीस मिनिटांनी सावकाश उठावे. दात घासताना उमासे येत असतील तर ते काम थोडे पुढे ढकलावे. जेवणाबरोबर पाणी पिऊ नये, मधल्या वेळेत घोट घोट प्यावे. दिवसातून तीन वेळा ताट वाढून घेण्याऐवजी दर दोन तासांनी वाटीभर काहीतरी खाल्लेले बरे.

दुसरी गोष्ट वासाची. गरम पदार्थाचा वास जितका पसरतो तितका गार पदार्थाचा पसरत नाही, त्यामुळे गार झालेला मेतकूट-भात, दहीभात, फ्रीजमधील कलिंगडाच्या फोडी, लिंबू-मीठ लावलेली काकडी असे पदार्थ मला सोसत असत. आलेपाकाची वडी पर्समध्ये असायचीच. थोरल्याच्या वेळी अकराव्या आठवड्यापर्यंत मी जवळजवळ दहीभातावरच काढले, आणि तरीही तो तीन किलोंचा झाला. तेव्हा ताटाकडे बघून घाबरू नये.

ओपीडी_नंतर | १९ जून, दुपारी ३:४०

मी पुण्यातच स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे लिहिते आहे ते सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे. आपल्या डॉक्टरांना आपली प्रकृती ठाऊक असते, त्यामुळे अखेरचा शब्द त्यांचाच.

पारिजातक, तुमचा पहिला प्रश्न वर्षभरात मला सर्वाधिक वेळा विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सातव्या आठवड्यात गर्भ साधारण एक सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याला लागणारी ऊर्जा इतकी थोडी असते की पहिल्या तीन महिन्यांत आईने नेहमीपेक्षा जास्त खाण्याची गरज नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत गरोदर स्त्रीसाठी रोज जादा ३५० किलोकॅलरी सांगितल्या आहेत, पण तो हिशेब दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीला लागू होतो. शिवाय तेवढी ऊर्जा म्हणजेसुद्धा दोन पोळ्या, वाटीभर उसळ आणि थोडे दही, दुसरे ताट नव्हे. त्यामुळे ‘दोन जिवांचे खा’ हे निदान या महिन्यांना तरी लागू पडत नाही. एखादा किलो वजन कमी होणे मी नेहमी पाहते.

मळमळ बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सर्वाधिक असते आणि चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत बहुतेकींची ओसरते. पूर्वी तिचा सगळा दोष वाढत्या संप्रेरकांना दिला जाई. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मात्र जीडीएफ-१५ नावाच्या प्रथिनाची भूमिका स्पष्ट झाली. ते मुख्यतः गर्भ आणि वारेकडून आईच्या रक्तात येते, आणि गरोदरपणापूर्वी जिच्या रक्तात ते कमी असते तिला त्याचा त्रास अधिक होतो. सांगायचा मुद्दा असा की कोरड्या येणे हा मनाचा कमकुवतपणा नाही आणि नखरा तर नाहीच. सासूबाईंना हे वाक्य अवश्य वाचून दाखवावे.

आले खरोखर उपयोगी पडते. त्याने भागले नाही तर जीवनसत्त्व बी-६ आणि डॉक्सिलामाइन यांची गोळी या काळात सुरक्षित मानली जाते. ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, सोसत बसू नये. मात्र चोवीस तासांत घोटभर पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा ती गडद होत असेल, उभे राहताच चक्कर येत असेल, किंवा वजन मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण अडीच किलो, तर सलाइनची गरज असू शकते आणि त्याच दिवशी दाखवले पाहिजे. रक्तस्राव, पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, खांद्यात कळ येणे किंवा ताप असेल तर रात्र असली तरी थांबू नये.

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र काहीही झाले तरी चुकवू नका. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणूनच ही गोळी दिवस जाण्यापूर्वी सुरू करून बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावी असे सांगितले जाते. सकाळी उलटून पडत असेल तर रात्री झोपताना घ्यावी.

पारिजातक_वडगाव | १९ जून, रात्री ९:२०

मनापासून आभार. दोन जिवांचा परिच्छेद जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचला गेला आणि आज प्रथमच माझ्यापुढे वाटी आली, ताट नाही. गोळीचे पाकीट पाहिले तर त्यावर ५ मिलिग्रॅम लिहिले आहे. ४०० मायक्रोग्रॅमच्या बारापट? आणि शाकाहारी असल्याने बी-१२ विषयी वेगळी काळजी घ्यायला हवी का?

ओपीडी_नंतर | १९ जून, रात्री १०:०२

आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते आणि सवयीने लिहिलीही जाते. आधीच्या बाळाला कण्याचा दोष असेल, आईला मधुमेह असेल किंवा फिटची काही औषधे चालू असतील तर मोठ्या मात्रेला कारण असते. तसे काही नसेल तर फोन करून ‘मला एवढ्याच मात्रेची गरज आहे का’ असे विचारावे. स्वतःहून बंद करू नये.

वाटीचमचा | २० जून, सकाळी ११:१५

मी आहारतज्ज्ञ आहे आणि बी-१२ चा विषय निघाला म्हणून राहवले नाही, कारण याबाबतीत पुण्याइतके काम फार थोड्या ठिकाणी झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तो ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने जगभर ओळखला जातो. त्यातील ७९७ स्त्रियांवरील निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले तेव्हा लक्षात आले की एकूण किती कॅलरी किंवा किती प्रथिने खाल्ली यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध आईच्या खाण्यात किती वेळा येते याचा बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकाराशी अधिक स्पष्ट संबंध होता. महागड्या पावडरीच्या डब्यांपेक्षा ही माहिती मला फार मोलाची वाटते. मेथीची जुडी आणि दोन पेरू यांची जाहिरात कोणी करत नाही, एवढेच.

त्याच अभ्यासात बहुसंख्य स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळले. आईचे फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचेच गोळीतील रूप) जास्त आणि बी-१२ कमी असेल तर मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. म्हणजे तुमच्या गोळीचा प्रश्न आणि बी-१२ चा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. शाकाहारी माणसाला बी-१२ दूध, दही, ताक आणि पनीर यांतूनच मिळते. पालेभाजी, डाळी किंवा मोड आलेली कडधान्ये यांत ते नसते. मळमळीमुळे दूध बंद झाले असेल तर तोही मार्ग अडतो. पहिल्या रक्ततपासणीत बी-१२ मोजून घ्यावे आणि कमी असेल तर डॉक्टरांकडून गोळी सुरू करावी. फक्त दही आणि ताक वाढवून खरी कमतरता भरून निघत नाही, असा माझा अनुभव आहे.

केशराच्या दुधाबद्दल सांगायचे तर दूध चांगले, केशरही चिमूटभर असेल तर बिघडत नाही, पण त्याने बाळाचा रंग उजळत नाही. दुधाचा वास नकोसा होत असेल तर गार ताक, गोड दही किंवा नाचणीची ताकातली आंबील घेऊन पाहावी. आंबील अनेकींना टिकते.

लोहाचेही दोन शब्द. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि हिमोग्लोबिन ११ च्या खाली असले की गरोदरपणात तो रक्तक्षय धरला जातो. आपल्याकडे जेवण झाले की लगेच चहा लागतो, आणि चहातील टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा आणि वरण-पालेभाजीवर लिंबू पिळावे. चहा-कॉफी पूर्ण सोडायची गरज नाही. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत कॅफिन चालते आणि घरातल्या दोन कप चहात त्याच्या निम्म्याहून फारसे जास्त जात नाही. कोल्ड कॉफीच्या मोठ्या ग्लासांचा हिशेब मात्र वेगळा धरावा.

सुमतीकाकू | २० जून, सायंकाळी ५:३०

तुम्हा मुलींच्या चर्चेत एका जुन्या माणसाने बोललेले चालेल ना? माझी तीन बाळंतपणे सदाशिव पेठेतल्या वाड्यात झाली. आमच्या वेळी उलट्या थांबत नसल्या की साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून ते पाणी खडीसाखर घालून चमचा चमचा देत असत. करून पाहा, पोटात आग होत नाही. आणि एक गंमत: आता तुला जे होते आहे त्याला डोहाळे म्हणू नये. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते म्हणून त्या स्त्रीला दौहृदिनी, दोन हृदयांची, म्हटले आहे. डोहाळे तिथून आले. सध्या ज्या आहेत त्या नुसत्या कोरड्या!

पपई आणि तीळ यांबाबत मात्र मी सासूबाईंच्या बाजूची आहे. अळीव आणि डिंक हेही बाळंतिणीचे खाणे, पोटुशीचे नव्हे. मोठी माणसे काहीतरी पाहून सांगत असतील.

ओपीडी_नंतर | २० जून, रात्री १०:४५

सुमतीकाकू, लाह्यांचे पाणी मी स्वतः रुग्णांना सुचवते, त्यामुळे तिथे आपले एकमत आहे. पपईचेही अर्धे एकमत होईल. कच्च्या आणि अर्धवट पिकलेल्या पपईत चीक असतो आणि त्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावत असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, म्हणून कच्ची पपई, तिची कोशिंबीर आणि पराठे टाळावेत. पूर्ण पिकलेल्या पपईत चीक जवळजवळ राहत नाही, तिच्या दोन फोडींनी काही होत नाही. अननसाचेही तसेच, जेवणानंतरच्या चार फोडी कोणालाही बाधत नाहीत. तिळाची चटणी, वांग्याची भाजी यांना मनाई करण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही.

पण हा विषय मला एका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के पहिल्या तीन महिन्यांत टिकत नाहीत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वेळा कारण गुणसूत्रांतील दोष हेच असते. कोणाच्या तरी हातून पपई खाल्ली गेली, कोणी दुचाकीवरून भाजी आणायला गेली, आणि नेमके त्याच आठवड्यात असे घडले की घरातले सगळे त्या फोडीकडे आणि त्या फेरीकडे बोट दाखवतात. ती मुलगी आयुष्यभर स्वतःला अपराधी समजत राहते. माझ्यासमोर बसून तीस वर्षांपूर्वीच्या एका आंब्याबद्दल रडणारी स्त्री मी पाहिली आहे.

जे खरोखर टाळावे त्याकडे घरांचे लक्षच जात नाही. न तापवलेले दूध, कच्चे किंवा हाफ फ्राय अंडे, कच्चे मोड, कापून उघड्यावर ठेवलेली फळे आणि फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहिलेले शिळे यांतून जंतुसंसर्ग होतो. मटकीला मोड आणा, पण उसळ शिजवून खा. मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन असलेली औषधे ताबडतोब बंद करून डॉक्टरांना कळवावे, डोकेदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेऊ नये, आणि ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून कोणतेही भस्म अजिबात घेऊ नये, कारण काहींत शिसे आढळलेले आहे. थायरॉइडची गोळी चालू असलेल्यांनी मात्र ती बंद न करता लगेच तपासणी करून घ्यावी, कारण बहुतेकींची मात्रा वाढवावी लागते.

धायरी_फाटा | २१ जून, सकाळी ८:५०

मी डॉक्टर नाही, पण आपण सिंहगड रस्त्याच्या आसपास राहता म्हणून पाण्याविषयी लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले आणि अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला. तेव्हापासून आमच्याकडे नळाचे असो की टँकरचे, पिण्याचे पाणी खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवून मगच भरले जाते. शुद्धीकरण यंत्र आहे, पण फिल्टर वेळेवर बदलला नाही की त्या यंत्राचा उपयोग केवळ मनाच्या समाधानापुरता राहतो.

पाणीपुरी आणि रसवंतीच्या बर्फाचा मोह पावसाळ्यात तर टाळाच. माझ्या वहिनीला पाचव्या महिन्यात कावीळ झाली होती, ती हिपॅटायटिस ई निघाली, आणि ते तीन आठवडे आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत.

ओपीडी_नंतर | २१ जून, दुपारी २:१०

वरील प्रतिसादाला माझा पूर्ण दुजोरा. हिपॅटायटिस ई एरवी आपोआप बरा होतो, पण शेवटच्या तिमाहीत झाला तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पाण्याची सवय पहिल्या महिन्यापासूनच लावलेली बरी. आहाराबाहेरचे असले तरी डासांविषयीही सांगते. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. पहिल्या तिमाहीत हा संसर्ग बाळाच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरू शकतो. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गॅलरीतल्या बादल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात.

नवरा_क्रमांक_एक | २१ जून, रात्री ९:३५

पुरुषाने लिहिलेले चालत असेल तर माझा एकच अनुभव. पत्नीला फोडणीचा वास चालत नसे, म्हणून तीन महिने फोडणी मी दिली, तीही ती खाली चक्कर मारायला गेली असताना, सर्व खिडक्या उघडून. लसूण हातांना लागला की स्वयंपाकघराच्या अलीकडेच मला थांबवले जाई. भांडी घासण्याच्या साबणाचा वासही बदलावा लागला. पारिजातक यांच्या यजमानांनी कुकर सांभाळावा, ही विनंती.

मंडईची_पिशवी | २२ जून, सकाळी १०:२०

विषय शाकाहारी असला तरी वाचणाऱ्या सगळ्या तशा नसतील म्हणून विचारते. मासे चालतात का? आणि आषाढी जवळ आली आहे, उपास करावा का?

वाटीचमचा | २२ जून, दुपारी १२:४०

नीट शिजवलेले मासे आणि पूर्ण उकडलेली अंडी अवश्य खावीत, त्यांतून बी-१२ आणि उत्तम प्रथिने मिळतात. बांगडा, तारली, बोंबील असे लहान मासे निवडावेत. मोरी, म्हणजे शार्क, टाळावी आणि सुरमईसारखे मोठे शिकारी मासे क्वचितच घ्यावेत, कारण माशाचे आकारमान वाढते तसा त्यात पाराही साठत जातो. कलेजी या तीन महिन्यांत नको, त्यात अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर असते.

उपासाचे म्हणाल तर निरंकार उपास करू नये. पोट रिकामे राहिले की मळमळ वाढते आणि शरीरात चरबी जळून कीटोन नावाची आम्ले तयार होतात. नुसती साबुदाण्याची खिचडी खाऊन दिवस काढणेही उपयोगाचे नाही. वरी, राजगिरा, दाण्याची आमटी, ताक, केळे असे दर दोन-तीन तासांनी खाऊन श्रद्धा सांभाळता येते. गरोदर स्त्रीला उपासातून सूट देणारी घरे मी महाराष्ट्रात भरपूर पाहिली आहेत, तेव्हा ती सूट मागायला संकोच नसावा.

पारिजातक_वडगाव | २३ जुलै, रात्री ८:४८

महिनाभर लिहू शकले नाही, क्षमस्व. नवव्या आठवड्यात उलट्या फारच वाढल्या होत्या. वजन ५० वर आले, तेव्हा वर लिहिलेला पाच टक्क्यांचा हिशेब डोळ्यांसमोर होता म्हणून वेळेत दाखवायला गेले आणि बी-६ व डॉक्सिलामाइनची गोळी सुरू झाली. सलाइनची वेळ आली नाही. बी-१२ खरोखरच बरेच कमी निघाले, त्याचीही गोळी सुरू झाली आहे, आणि फॉलिक अ‍ॅसिडची मात्रा डॉक्टरांनी स्वतःच कमी करून दिली. मी विचारल्याचे त्यांना वाईट वाटले नाही, उलट त्यांनी सगळे कागदावर लिहून दिले.

काल बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी आणि डबल मार्कर, म्हणजे बाळातील गुणसूत्रदोषाची शक्यता पाहणारी रक्ततपासणी झाली, दोन्ही व्यवस्थित आहेत. खाण्यात साळीच्या लाह्यांचे पाणी आणि नाचणीची आंबील या दोनच गोष्टी कधीही उलटल्या नाहीत. सुमतीकाकू, आपला आणि सासूबाईंचा पपईविषयीचा पक्ष अजून मजबूत आहे, पण वांग्याचे भरीत परवा झाले. मी अर्ध्या भाकरीबरोबर खाल्ले. कुकर अजूनही नवराच लावतो.

एकच शंका राहिली आहे. लोहाच्या गोळ्या कधीपासून सुरू होतील, आणि त्या कॅल्शियमबरोबर घेता येतील का?

ओपीडी_नंतर | २३ जुलै, रात्री ११:१६

वाचून फार बरे वाटले. लोहाची गोळी बहुधा चौथ्या महिन्यापासून, मळमळ ओसरल्यावर सुरू करतात. शासकीय कार्यक्रमात ती ६० मिलिग्रॅम लोहाची असते आणि निदान १८० दिवस घ्यायची असते. कॅल्शियमबरोबर एकाच वेळी घेऊ नये, दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोह रात्री झोपताना लिंबाच्या पाण्याबरोबर, असे बहुतेकींना जमते. शौचाचा रंग काळा होईल, त्याने घाबरू नये. बद्धकोष्ठ झाले तर गोळी न थांबवता कळवा, प्रकार बदलून देता येतो.